मीटर हलवायचाय, पण भिंत कुणाची?

मराठवाड्यातून मुंबई-पुण्याला गेलेल्या नातेवाइकांशी बोलताना हल्ली घरच्या गप्पांत एक नवं वाक्य ऐकू येतं, ‘गॅसचा मीटर हलवायचाय’. मुंब्र्यात, कुर्ल्यात किंवा पुण्याच्या कोंढव्यात कर्ज काढून वन रूम किचन घेतलेलं असतं. ओट्याच्या वर, जिथे डब्यांचं कपाट बसायला हवं, नेमका तिथेच पाइपांना लटकलेला मीटर असतो. सुतार म्हणतो, हा दोन फूट खिडकीकडे सरकला तर इथे चार फळ्या बसतील. मग विचारपूस सुरू होते. मीटर हलवता येतो का? कुणाला विचारायचं? ओळखीच्या प्लंबरनं केलं तर चालेल का?

मुखेडच्या माणसाला या प्रश्नाचं नवल वाटतं. आपल्याकडे स्वयंपाकाचा गॅस म्हणजे सिलिंडर. तो ओट्याखालून काढून दाराशी ठेवायचा असेल तर कुणाचा अर्ज लागत नाही, कुणाची सही लागत नाही. मग भिंतीवरच्या त्या डब्यासाठी एवढी परवानगी कशाला? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास गॅसचा आहे, तसाच तो घरातल्या जागेचा आहे. मीटर कुठे बसावा, हे त्या घरात राहणाऱ्या माणसानं, त्यातही स्वयंपाक करणाऱ्या बाईनं फार क्वचित ठरवलं आहे.

चुलीला मीटर नव्हता

आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत चुलीची जागा पक्की असायची. चूल, तिच्या मागे भानवस, बाजूला उतरंड, भिंतीत कोनाडे. मुस्लिम घरांत यालाच बावर्चीखाना म्हणत आणि कोनाड्याला ताक. नावं वेगळी, रचना तीच. धूर कुठून जाणार, वारा कुठून येणार आणि परसदारातून सरपण आत कसं आणायचं, यावर चुलीची जागा ठरे. जळण म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. ते आपल्याच शेतातून यायचं किंवा विकत घेतलं तरी मोळीनं यायचं. एकदा मोळी अंगणात पडली की विकणाऱ्याचा आणि जाळणाऱ्याचा हिशेब संपला. किती जाळलं, हे बघायला कुणी घरात येत नव्हतं.

नंतर रॉकेल आलं. ते लिटरवर मिळायचं, रेशनच्या रांगेत उभं राहून. वातीचा स्टोव्ह आणि पंपाचा स्टोव्ह हे घरातलं पहिलं असं स्वयंपाकाचं साधन, जे उचलून दुसरीकडे नेता येत होतं. सिलिंडरचा गॅस देशात प्रथम बर्माशेल कंपनीनं १९५५ मध्ये मुंबईत विकायला सुरुवात केली. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांपर्यंत तो यायला खूप वर्षं गेली. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची, हे ज्यांनी अनुभवलं ती पिढी अजून आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यांतल्या अनेक गरीब घरांत पहिल्यांदा शेगडी पोहोचली. भरलेला सिलिंडर परवडेना म्हणून पुन्हा चूल पेटवावी लागणारी घरंही आपण पाहतोच.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सिलिंडर हाच आपला मीटर आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो मोजून विकला जातो, पैसे आधी दिले जातात आणि संपला की शेगडीच सांगते. मोजमाप घराबाहेर होतं, म्हणून घरातल्या भिंतीवर कुणाचा हक्क लागत नाही. पाइपमधून गॅस येऊ लागला की मोजमाप घरात शिरतं.

मोजणी घरात कशी आली?

कोळशापासून निघणाऱ्या गॅसवर दिवे लावण्याची कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीची. विल्यम मर्डॉक यांनी १७९२ मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये आपलं घर अशा गॅसनं उजळलं. १८१२ मध्ये लंडनमध्ये गॅस पुरवणारी कंपनी सनद घेऊन उभी राहिली. रस्त्याखालून पाइप गेले, दुकानांत आणि घरांत दिवे लागले. पण कुणी किती गॅस जाळला, हे मोजायचं कसं?

सुरुवातीला मीटर नव्हताच. घरात किती दिवे आहेत आणि ते रात्री किती वाजेपर्यंत लावायचे, यावर पैसे ठरत. दहा वाजेपर्यंतचा करार असेल तर दहाला दिवा विझायला हवा. लोक विझवत नसत. कंपनीची माणसं रात्री रस्त्यांवरून फिरत आणि ठरलेल्या वेळेनंतर कुणाच्या खिडकीत उजेड आहे, ते पाहत. घरात काय चाललं आहे, याची पाळत बाहेरून ठेवावी लागत होती.

यावर सॅम्युअल क्लेग या इंजिनिअरनं १८१५ मध्ये मीटरचं पेटंट घेतलं. एका डब्यात पाणी, पाण्यात अर्धवट बुडालेला पिंप. गॅस पिंपाच्या कप्प्यांत शिरला की पिंप फिरायचा आणि फेऱ्यांवरून गॅस मोजला जायचा. कल्पना हुशारीची होती, पण या मीटरचे नखरे फार. तो अगदी सपाट जागेवर लागे, कारण कलला की मोजणी चुके. पाण्याची पातळी राखावी लागे. आणि इंग्लंडच्या थंडीत पाणी गोठलं की सगळंच बंद. म्हणून मीटर तळघरात, जिन्याखाली, थंडी पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात बसवले जाऊ लागले. घरात कोण राहतं आणि त्याला कुठला कोपरा हवा आहे, हा विचार त्यात नव्हता. जागा यंत्राच्या गरजेनं ठरली.

पुढे १८४० च्या दशकात पाण्याविना चालणारा मीटर आला. आत भात्यासारखे कप्पे. एक भरतो तेव्हा दुसरा रिकामा होतो, आणि या हालचालीवर काटे फिरतात. त्या काळी हे भाते मेंढीच्या कातड्याचे असत. आज घराघरात बसतो तो मीटर मुळात याच जातीचा आहे. कातड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं एवढंच. पाणी गेलं, त्यामुळे मीटर आता भिंतीवर कुठेही टांगता येऊ लागला. पण तोवर जिन्याखालच्या कोपऱ्याची सवय झाली होती, आणि सवय मोडायला कंपनीला काही कारण नव्हतं.

भांडणं मात्र वाढली. गिऱ्हाईक म्हणे मीटर जास्त दाखवतो, कंपनी म्हणे गिऱ्हाईक लबाडी करतं. शेवटी ब्रिटिश पार्लमेंटनं १८५९ मध्ये कायदा करून गॅस मोजण्याचं माप ठरवलं आणि मीटर तपासून त्यावर शिक्का मारण्याची पद्धत आणली. आज मीटरवर जे सील असतं, त्याच्या मागे ही जुनी तक्रार आहे. मोजणाऱ्यावर आणि वापरणाऱ्यावर, दोघांवरही विश्वास नाही, म्हणून तिसऱ्याचा शिक्का.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मजुरांच्या घरांसाठी नाणं टाकून चालणारा मीटर निघाला. पेनी टाका, तेवढा गॅस घ्या. महिन्याचं बिल भरण्याची ऐपत नसलेल्या घरांत त्यामुळे पहिल्यांदा गॅसवर स्वयंपाक होऊ लागला, ही त्याची चांगली बाजू. पण या मीटरची नाणी काढायला कंपनीचा माणूस घरात येई. म्हणून मीटर त्याच्या हाताला लागेल अशा जागी हवा. सोय पुन्हा बाहेरच्या माणसाचीच पाहिली गेली.

मुंबईतला गॅस: रस्त्यावर आधी, चुलीवर नंतर

आपल्या राज्यात गॅस पहिल्यांदा उजळला तो एका पारशी जहाजबांधणीकाराच्या घरी. अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनी १८३४ मध्ये माझगावातल्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावले. पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो होणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्या गॅसला मीटर लागत नव्हता, कारण बनवणाराही तेच आणि वापरणाराही तेच. देणारा एक आणि घेणारा दुसरा झाला की मीटर येतो.

तो काळ मुंबईत तीस वर्षांनी आला. बॉम्बे गॅस कंपनीनं शहरात पाइप टाकले आणि ऑक्टोबर १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. पहिल्या उजळलेल्या रस्त्यांत एस्प्लनेड आणि चर्चगेट स्ट्रीट होते, तसाच भेंडीबाजारही होता. गोऱ्या साहेबांच्या फोर्टबरोबर मुसलमान व्यापाऱ्यांच्या, कारागिरांच्या वस्तीचा रस्ताही त्याच वेळी उजळला, ही नोंद महत्त्वाची आहे. दिवे पेटवणारा माणूस खांबाखांबाजवळ जायचा आणि त्याच्यामागून बघ्यांची गर्दी चालायची.

पण रस्त्यावर उजेड आला म्हणून त्या रस्त्यावरच्या माड्यांमधली चूल बदलली नाही. गॅसचा कारखाना लालबाग-परळच्या भागात होता. लालबागमधली ‘गॅस कंपनी लेन’ आजही ते नाव सांभाळून आहे. त्याच परिसरात पुढे गिरण्या वाढल्या, चाळी उभ्या राहिल्या. गॅस बनवणाऱ्या कारखान्याच्या सावलीत राहणारी कामगारांची घरं मात्र कोळशाच्या शेगडीवर आणि रॉकेलच्या स्टोव्हवर भाकरी भाजत होती. १९०५ मध्ये शहरात विजेची कंपनी आली आणि दिव्यांचा धंदा हळूहळू विजेकडे गेला. गॅस मग हॉटेलांच्या भट्ट्यांत आणि दक्षिण मुंबईतल्या सधन इमारतींच्या स्वयंपाकघरांत उरला.

आताचा पाइप गॅस वेगळा आहे. तो कोळशातून काढलेला नाही, तर जमिनीखालून आणि समुद्राखालून निघणारा नैसर्गिक वायू आहे. १९७४ मध्ये बॉम्बे हायमध्ये तेल सापडलं. त्याबरोबर निघणारा वायू उरणला आणला जाऊ लागला. मुंबईतल्या घरांत तो पोहोचवण्यासाठी १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली. पुण्यासाठी २००६ मध्ये महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनी निघाली. त्याच वर्षी या क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक मंडळाचा कायदा संसदेनं केला आणि २००८ मध्ये शहरातल्या गॅस पुरवठ्यासाठी सुरक्षेचे तांत्रिक नियम आले.

दोन फूट भिंतीची किंमत

आता घराच्या आकाराकडे पाहू. १९२० च्या दशकात सरकारनं बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची होती. एका खोलीत एक कुटुंब, कधी दोन. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर आधी २२५ चौरस फूट होतं, मग २६९ झालं, मग ३००. घराचं माप असं थोडं थोडं वाढायला वर्षानुवर्षं मागण्या, मोर्चे आणि निवडणुका लागल्या. अशा घरात दोन फूट भिंत म्हणजे काय, हे बंगल्यात राहणाऱ्याला कळणार नाही. त्या दोन फुटांत महिन्याचं धान्य बसतं, मुलांची दप्तरं बसतात, ईदला काढायची मोठी पातेली बसतात.

मीटर स्वतः डब्याएवढाच असतो. पण त्याला आत येणारा पाइप, बाहेर जाणारा पाइप, बंद करायचा कॉक आणि हात घालायला मोकळी जागा लागते. सगळं धरून भिंतीचा चांगला तुकडा जातो. तो तुकडा कोणता, हे बहुतेक वेळा इमारतीच्या बाहेरून वर चढणारा मुख्य पाइप ठरवतो. पाइप जिथून आत येणं कमी खर्चाचं, तिथे मीटर. नकाशा काढणारा, बांधणारा आणि गॅस जोडणारा या तिघांपैकी कुणीही त्या ओट्यासमोर रोज चार तास उभं राहत नाही.

भाडेकरूची अडचण आणखी वेगळी. जोडणी घरमालकाच्या नावावर, मीटर कंपनीचा, भिंत मालकाची. भाडेकरूच्या वाट्याला त्या भिंतीसमोर उभं राहून स्वयंपाक करणं तेवढं येतं. मालकानं अर्ज केल्याशिवाय काही हलत नाही. शहरात मुसलमान कुटुंबाला भाड्यानं घर मिळवायलाच किती दारं वाजवावी लागतात, हे आपल्याला माहीत आहे. तिथे मिळालेल्या घराच्या मालकाकडे ‘मीटर सरकवून द्या’ म्हणायला जीभ रेटत नाही.

मग लोक मधला मार्ग काढतात. मीटरभोवती बंद कपाट करून टाकतात किंवा ओळखीच्या प्लंबरला बोलावून रविवारी काम उरकून घेतात. इथे मात्र थांबायला हवं. मीटर हलवायला कंपनीची परवानगी लागते, ती केवळ मोजणीच्या संशयापोटी नाही.

परवानगीमागचं कारण

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, ओट्याखाली, कोपऱ्यात. म्हणून सिलिंडरच्या घरात खालची हवा खेळती हवी. पाइपमधला नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका. तो वर चढतो आणि छताजवळ जमतो. म्हणून तिथे वरून हवा बाहेर जायला वाट हवी. मीटर बंद कपाटात कोंडला आणि एखादा सांधा जरा सैल असला, तर गॅस बाहेर न जाता कपाटातच साठत राहतो. त्याला मुद्दाम मिसळलेला वास आपल्या नाकापर्यंत पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. शेजारी विजेचा बोर्ड असेल तर एका ठिणगीचं निमित्त पुरतं.

म्हणून रीत अशी असावी. ज्याच्या नावावर जोडणी आहे त्यानं कंपनीकडे अर्ज करायचा. कंपनीचा माणूस जागा पाहून जातो, नवी जागा चालेल का आणि खर्च किती, ते सांगतो. काम कंपनीनं नेमलेल्या माणसानंच करायचं. काम होण्याआधी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे पुढच्या बिलावर वाद राहत नाही. काम झाल्यावर गळतीची तपासणी आपल्यासमोर करून घ्यायची. खर्चाची पावती घ्यायची आणि सील जागेवर आहे ना ते पाहायचं. नवी जागा निवडताना खिडकीजवळची, हवा खेळती असलेली, हाताला लागणारी भिंत पाहायची. शेगडीच्या डोक्यावर, झोपण्याच्या खोलीत, न्हाणीत किंवा विजेच्या बोर्डाला चिकटून मीटर नको. कपाट करायचंच असेल तर सुतार बोलावण्याआधी मीटरचं काम करून घ्यायचं. उलटं केलं की कपाट कापावं लागतं.

या सगळ्यात एक गोष्ट लपून राहते. नियमांनी सांगितलेली सुरक्षित जागा आणि घरातल्या बाईला हवी असलेली जागा बहुतेक वेळा एकच निघते: ओट्याच्या मधोमध नको, खिडकीच्या कडेला हवी. दोघांचं भांडण मुळात नाहीच. भांडण आहे ते पाइपचे चार फूट वाचवण्याच्या हिशेबाशी, आणि तो हिशेब घरात कुणी राहायला येण्याआधीच झालेला असतो.

लातूरपर्यंत आलेला पाइप

हा मुंबई-पुण्याचा विषय आहे, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. पण शेजारच्या लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत गॅस वितरणाचा परवाना युनिसन एन्व्हायरो या कंपनीला मिळालेला होता, आणि २०२४ मध्ये महानगर गॅसनं ही कंपनी विकत घेतली. म्हणजे मुंबईत ज्या कंपनीचे मीटर भिंतींवर आहेत, तिचा कारभार आता लातूरपर्यंत आला आहे. मुखेडच्या बाजारात उदगीर-लातूरची माणसं रोज येतात जातात. पाइप यायला किती वर्षं लागतील ते लागोत, पण आज जी घरं बांधली जात आहेत ती तोवर उभीच असणार आहेत.

मुखेडमध्ये सध्या माळवदं पाडून स्लॅबची घरं होत आहेत. नकाशात बैठकीची खोली मोठी, समोरचा कठडा देखणा, आणि स्वयंपाकघर उरलेल्या जागेत. विजेचा मीटर कुठे, पाण्याची मोटर कुठे, हे मिस्त्री ठरवतो. जुन्या घरात चुलीची जागा ठरवताना निदान धुराचा आणि वाऱ्याचा विचार होत असे, आणि तो विचार घरातल्या म्हाताऱ्या बायका करत. नव्या घरात तो कुणीच करत नाही.

म्हणून घर बांधायला काढलेल्यांना एवढंच सांगणं आहे. स्वयंपाकघराची एक बाहेरची भिंत खिडकीसह मोकळी राहू द्या. आज तिथून सिलिंडरची नळी आत येईल, उद्या पाइप येईल. ओटा, खिडकी आणि कपाट कुठे हवं, हे मिस्त्रीच्या आधी अम्मीला, भाभीला, बायकोला विचारा. प्लास्टर होण्याआधी विचारलं तर एका खडूच्या रेघेत काम भागतं. नंतर त्याच दोन फुटांसाठी अर्ज करावा लागतो.